टूर्मलीन: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गेली काही वर्षं टूर्मलीनबद्दल मला मेसेज येतात, आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून तेच असतात. म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिली नाहीये, तिथे कुठला प्रश्न बघायचा ते सांगितलंय.

१. टूर्मलीन हा एकच दगड आहे की बऱ्याच दगडांचं मिळून नाव आहे?

दुसरं बरोबर. टूर्मलीन हे एका खनिज-घराण्याचं नाव आहे. घराण्यातल्या सगळ्यांची आतली रचना सारखी, म्हणजे सिलिका आणि बोरॉनचा सांगाडा तोच, पण त्या सांगाड्यातल्या मोकळ्या जागांवर कोण येऊन बसलंय ते प्रत्येकाचं वेगळं. लिथियम बसलं की एल्बाइट, लोखंड बसलं की शोर्ल, मॅग्नेशियम बसलं की ड्रॅवाइट. असे तीसच्या वर प्रकार आज मान्य आहेत, पण दागिन्यातला खडा बहुतेक वेळा एल्बाइटच असतो. एल्बा या इटालियन बेटावरून हे नाव १९१३ मधे व्हर्नाड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दिलं.

कच्चा स्फटिक ओळखायला सोपा आहे. लांबट कांडी, अंगावर उभ्या बारीक रेघा, आणि आडवा कापला तर फुगीर बाजूंचा त्रिकोण. हा फुगीर त्रिकोण एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही.

२. हे नाव कुठून आलं? मराठीत याला काय म्हणतात?

नाव श्रीलंकेतलं. सिंहली भाषेत तोरमल्ली असा शब्द होता आणि तिथले व्यापारी तो कुठल्याही मिश्र रंगीत खड्यांसाठी वापरायचे. १७०० च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी असे खडे युरोपात नेले आणि नाव दगडाला चिकटलं. मराठीत जुन्या लिखाणात तोरमल्लीच सापडतं, बोलताना आपण सगळे टूर्मलीन म्हणतो. म्हणजे सुरुवातीपासूनच हे नाव "नक्की कोण ते माहीत नाही, पण रंगीत आहे" अशा अर्थाचं होतं, आणि माझ्या मते या दगडाबद्दलचा निम्मा गोंधळ आजही तिथूनच येतो.

३. एकाच दगडाला एवढे रंग कसे काय?

सांगाड्यातल्या जागा बऱ्याच आणि त्यात बसणारे पाहुणेही बरेच, म्हणून. शुद्ध एल्बाइटला स्वतःचा रंगच नसतो, तो काचेसारखा स्वच्छ असतो आणि त्याला अ‍ॅक्रोइट म्हणतात. रंग येतो तो थोड्याशा भेसळीने. मँगनीज आलं की गुलाबी-लाल, लोखंड आलं की निळा किंवा हिरवा, मँगनीज आणि टायटॅनियम जोडीने आले की पिवळा, तांबं आलं की तो प्रसिद्ध निऑन निळा (तो वेगळा प्रश्न आहे, ९ बघा). लोखंड खूपच जास्त झालं की काळा.

गुलाबी रंगाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. नुसतं मँगनीज असून भागत नाही, खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने लाखो वर्षं त्या मँगनीजमधला एक एक इलेक्ट्रॉन काढून नेलेला असतो, तेव्हा तो गुलाबी दिसतो. आणि म्हणूनच गुलाबी खडा खूप तापवला तर रंग उडून जातो, कारण मँगनीज परत मूळ अवस्थेत जातं. पुढे प्र. १४ मधे ट्रीटमेंटबद्दल लिहिलंय ते समजायला हे लक्षात ठेवा.

४. रुबेलाइट, इंडिकोलाइट, व्हर्डेलाइट ही वेगळी रत्नं आहेत का?

नाही. ही फक्त रंगांची व्यापारी नावं. लाल तो रुबेलाइट, निळा तो इंडिकोलाइट, हिरवा तो व्हर्डेलाइट. तिन्ही बहुतेक वेळा एल्बाइटच. उलट शोर्ल, ड्रॅवाइट, उवाइट ही खरी खनिजांची नावं आहेत. बिलावर दोन्ही प्रकारची नावं शेजारी शेजारी येतात आणि माणूस चक्रावतो. तेव्हा नाव ऐकलं की आधी स्वतःला विचारायचं, हे रंगाचं नाव आहे की दगडाचं.

५. मग साधा पिंक टूर्मलीन कुठे संपतो आणि रुबेलाइट कुठे सुरू होतो?

याला काटेकोर रेषा नाही. जाणकार लोक एक कसोटी लावतात ती अशी की खडा दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या बल्बखाली, दोन्हीकडे तेवढाच लाल दिसला पाहिजे. बल्बखाली तपकिरी किंवा मळका पडला तर तो रुबेलाइट म्हणून विकणं मला पटत नाही. पण कितीतरी फिके गुलाबी खडे त्या नावाने विकले जातातच, म्हणून घेताना दोन्ही उजेडात धरून बघायचा हट्ट धरा.

६. वॉटरमेलन टूर्मलीन खरा असतो का? दोन रंग चिकटवलेले तर नसतात?

खरा असतो. आत गुलाबी, बाहेर हिरवी साल, मधे कधी कधी पांढरी कड, अगदी कलिंगडाची फोड. स्फटिक आतून बाहेर वाढत जातो आणि ज्या गरम द्रवातून तो वाढतो त्याची रसद वाढता वाढता बदलते. सुरुवातीला मँगनीज भरपूर होतं, गाभा गुलाबी झाला, मग कुठून तरी लोखंड आलं, साल हिरवी झाली. म्हणजे ती फोड म्हणजे त्या खडकाच्या पोटात काय काय घडलं त्याची नोंदवहीच. कांडीच्या लांबीत रंग बदलला तर त्याला बायकलर म्हणतात, कारण तेच.

रंगांचं सगळ्यात थक्क करणारं काम मादागास्करच्या लिडिकोटाइटमधे दिसतं (हा एल्बाइटचा कॅल्शियमवाला भाऊ, १९७७ मधे याला वेगळं नाव मिळालं). त्याच्या चकत्या कापल्या की एकात एक त्रिकोण, मधे तीन टोकांची चांदणी, आणि एका चकतीत सात-आठ रंग. मी पहिल्यांदा अशी चकती उजेडाला धरली तेव्हा बराच वेळ खाली ठेवलीच नव्हती.

चिकटवलेले नकली पीस पण असतात. रंगांच्या सीमेवर सपाट सरळ रेघ आणि त्या रेघेत चपटे बुडबुडे भिंगातून दिसले तर तो जोडलेला आहे.

७. माझा खडा एका बाजूने छान हिरवा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ काळा. फसवलं गेलंय का?

नाही, उलट ही टूर्मलीनची ओळखच आहे. स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने बघितलं की रंग खूप गडद, आडव्या दिशेने बघितलं की मोकळा. कारण लांबीच्या दिशेने जाणारा बराच प्रकाश तो गिळून टाकतो. जुन्या काळी याच गुणावर टूर्मलीनच्या दोन चकत्यांचा चिमटा बनवून प्रकाशाचं ध्रुवीकरण (म्हणजे प्रकाशाच्या लहरी एकाच दिशेत हलणं) बघायचे, चकत्या एकमेकींना काटकोनात फिरवल्या की मधे अंधार.

पैलू पाडणाऱ्या कारागिराची परीक्षा इथेच असते. कच्चा माल गडद असेल तर खड्याचा माथा स्फटिकाच्या लांबीला समांतर ठेवायचा, फिका असेल तर लांबीला आडवा, म्हणजे रंग भरतो. बाजारात एवढे टूर्मलीन लांबुळके चौकोनी का दिसतात त्याचं उत्तर यातच आहे, कांडीचा आकारही वाया जात नाही आणि रंगही मोकळा राहतो. माझ्याकडे एक खडा आहे, अंगठीत वरून बघितला तर बाटलीचा तुकडा वाटेल इतका मंद, आणि कडेने बघितला तर इतका सुंदर हिरवा की वाईट वाटतं, कारण कापणाऱ्याने वजन वाचवायला चुकीची दिशा धरली. घेताना खडा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवा.

८. काळा टूर्मलीन स्वस्त का? तो खरा टूर्मलीन नाही का?

पूर्ण खरा. तो शोर्ल, आणि निसर्गात जेवढा टूर्मलीन आहे त्यातला बहुतेक हाच. भरपूर आहे म्हणून स्वस्त, एवढंच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात सुतकाच्या दागिन्यात तो वापरायचे.

९. पराइबा टूर्मलीनचं एवढं काय कौतुक?

ब्राझीलच्या पराइबा राज्यात साओ जोसे दा बाताल्या नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीत काहीतरी वेगळं आहे अशा नुसत्या विश्वासावर हेइतोर दिमास बार्बोसा नावाचा माणूस वर्षानुवर्षं खणत राहिला, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तिथे असा निळा-हिरवा निघाला की बघणाऱ्यांना खड्याच्या आत दिवा लावलाय असं वाटलं. तपासल्यावर कळलं की रंग तांब्याचा आहे, टूर्मलीनमधे तांब्यामुळे रंग आलेला तोपर्यंत कुणाला माहीत नव्हता. तांब्यासोबत मँगनीज असतं आणि दोघांच्या प्रमाणावर निळा, हिरवा की जांभळा ते ठरतं.

तिथले खडे लहान, आत भेगा भरपूर, आणि खाण लवकरच जवळपास रिकामी झाली. शेजारच्या रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यातही थोडा माल निघाला. निळ्या टूर्मलीनला सर्रास पराइबा म्हणतात ते मात्र चूक आहे. तांबं नाही तर पराइबा नाही, रंग कितीही सुंदर असो. लोखंडाने निळा झालेला तो इंडिकोलाइट, आणि त्याचा निळा शांत, शाईकडे झुकणारा असतो.

१०. मोझांबिकचा पराइबा म्हणजे डुप्लिकेट का?

डुप्लिकेट नाही. २००१ मधे नायजेरियात आणि त्यानंतर काही वर्षांत मोझांबिकमधे तांबंवाले टूर्मलीन निघाले, मोझांबिकचे तर मोठे आणि जास्त स्वच्छ. मग वाद सुरू झाला की पराइबा हे जागेचं नाव की रंगाचं. २००६ मधे रत्नं तपासणाऱ्या मोठ्या लॅबच्या समितीने ठरवलं की तांबं आणि मँगनीज असलेला निळा ते हिरवा टूर्मलीन, कुठलाही असो, त्याला पराइबा म्हणता येईल. त्यामुळे सर्टिफिकेटवर पराइबा लिहिलं म्हणजे ब्राझीलचा, असं समजू नका. मूळ जागेची ओळ वेगळी असते, ती वाचा. ती ठरवायला लॅब लेझरने अतिसूक्ष्म कण उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजते, डोळ्याने कुणालाच सांगता येत नाही, मग तो कितीही अनुभवी व्यापारी असला तरी.

११. क्रोम टूर्मलीनमधे क्रोमियम असतंच का?

थोडंफार असतं, पण बऱ्याच वेळा रंगाचं मुख्य काम व्हॅनेडियम करतं. नाव तेच राहिलंय. हा एल्बाइट नसून ड्रॅवाइट-उवाइट कुळातला, टांझानिया आणि केनियात मिळतो, आणि त्याचा हिरवा पाचूच्या हिरव्याच्या सगळ्यात जवळ जातो.

१२. टूर्मलीन जगात कुठे कुठे सापडतो?

आधी कशात सापडतो ते बघू. रंगीत एल्बाइट जवळजवळ नेहमी पेग्मटाइट नावाच्या खडकात असतो. शिलारस जमिनीखाली थंड होत जातो तेव्हा सगळ्यात शेवटी जो रस उरतो त्यात बोरॉन, लिथियम, मँगनीज असं बाकीच्या खनिजांनी न घेतलेलं सगळं साठत जातं. त्या शेवटच्या रसात पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांत स्फटिकांना ऐसपैस वाढायला जागा मिळते. खाणवाले महिनोन् महिने पोकळी शोधत दगड फोडत असतात आणि एक चांगली पोकळी लागली की सगळं वसूल.

ब्राझील सगळ्यात मोठं नाव, त्यातही मिनास जेराइस राज्य. १९७८ मधे तिथल्या जोनास खाणीत एकाच पोकळीतून लाल टूर्मलीनचे प्रचंड स्फटिक निघाले, खनिज-संग्राहक अजून त्याबद्दल बोलतात. ब्राझीलची एक जुनी गोष्ट मला नेहमी हलवून जाते. १६७४ मधे फेर्नाओ दियास पाइस नावाचा म्हातारा माणूस पाचू शोधायला जंगलात शिरला, सात वर्षं भटकला, हिरवे खडे सापडले, आणि १६८१ मधे पाचू मिळाले या समाधानात वाटेतच वारला. ते टूर्मलीन होते.

आफ्रिकेत नायजेरिया (१९९८ मधे तिथे रुबेलाइटचा मोठा साठा लागला), मोझांबिक, नामिबिया जिथले हिरवे-निळसर खडे फार मोकळ्या रंगाचे, झांबिया जिथून पिवळाधमक कॅनरी येतो, आणि मादागास्कर. आशियात अफगाणिस्तानचा नूरिस्तान भाग, तिथले गुलाबी-हिरवे स्फटिक अतिशय देखणे. शिवाय पाकिस्तानचा उत्तर भाग, म्यानमार आणि अर्थात श्रीलंका.

अमेरिकेत मेन राज्यात माउंट मायका इथे १८२० मधे दोन तरुणांना उन्मळलेल्या झाडाच्या मुळात हिरवा स्फटिक चमकताना दिसला अशी नोंद आहे, तिथून तिकडची रत्नखाण सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या सॅन दिएगो भागातला गुलाबी माल तर एकेकाळी बोटी भरभरून चीनला जायचा, कारण चीनची राजमाता त्सशी हिला तो रंग फार प्रिय होता. १९१२ मधे चीनची राजेशाही गेली आणि तिथला बाजारही त्याबरोबर बसला.

१३. रंगावरून देश ओळखता येतो का?

नाही. अंदाज बांधता येतो, खात्री नाही. कारण प्र. १० मधे आलंच आहे.

१४. हीट केलेला, रेडिएशन दिलेला, तेल भरलेला, यातलं काय चालतं?

तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका.

हीट सर्रास केली जाते, गडद हिरवे-निळे खडे थोडे उजळ होतात. पराइबात जांभळट खडा तापवला की मँगनीजचा गुलाबी उडतो आणि तांब्याचा निळा एकटा उरतो, म्हणून बहुतेक पराइबा तापवलेलेच असतात. रंग टिकाऊ असतो. हीट झाली की नाही हे बऱ्याच वेळा लॅबलाही ठरवता येत नाही.

रेडिएशनने फिका खडा गुलाबी-लाल करतात. निसर्गात जे लाखो वर्षांत होतं तेच थोडक्यात केलं जातं, त्यामुळे ओळखणं जवळपास अशक्य. असा रंग जास्त उष्णतेत फिका पडू शकतो.

तेल किंवा रेझिन भरणं हे मात्र विचारून घ्यायलाच पाहिजे. रुबेलाइट आणि पराइबात भेगा जास्त म्हणून त्यातच हे जास्त चालतं. भिंगाखाली खडा हलवला की भेगेत निळी-पिवळी झाक चमकून जाते. हा खडा नंतर गरम पाण्यात, केमिकलमधे गेला की भरलेलं निघतं आणि भेगा उघड्या पडतात. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही तर ती फसवणूक आहे, मी याला दुसरं काही म्हणणार नाही.

१५. लॅबमधे बनवलेला टूर्मलीन मिळतो का?

दागिन्यात वापरता येईल असा मिळत नाही. म्हणून कुणी "लॅब ग्रोन टूर्मलीन" किंवा "लॅब पराइबा" म्हणून विकत असेल तर तो काच, सिंथेटिक स्पिनेल, सिंथेटिक क्वार्ट्झ असं काहीतरी असतं.

१६. माणिक, पाचू, अ‍ॅपटाइट यांच्यापासून वेगळा कसा ओळखायचा?

भिंग घ्या आणि वरच्या माथ्यातून खालच्या पैलूंच्या कडा बघा. टूर्मलीनमधे त्या दुहेरी दिसतात. माणकात आणि पाचूत दुहेरीपणा इतका कमी की सहज दिसत नाही. मात्र एकाच दिशेने बघून निकाल देऊ नका, स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने टूर्मलीनमधेही कडा एकेरीच दिसतात. माणिक वजनाला बरंच जड, घनता ४ च्या आसपास, टूर्मलीन ३.०५ च्या पुढेमागे, पाचू २.७. अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो तो आकडा) मोजायची सोय असेल तर टूर्मलीन साधारण १.६२ ते १.६४, पाचू १.५८ च्या आसपास. निऑन निळा अ‍ॅपटाइट पराइबा म्हणून गळ्यात मारतात, आणि त्याचा अपवर्तनांकही जवळपास तोच येतो त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, तो मऊ असतो, काठिण्य १० पैकी फक्त ५, पैलूंच्या कडा लवकर झिजतात आणि दुहेरी कडा दिसत नाहीत.

एक सावध करणारी सूचना, चेल्सी फिल्टरमधून (रत्नं तपासायची रंगीत काच) क्रोम टूर्मलीन लाल दिसतो आणि बरेच पाचूही लाल दिसतात. तेव्हा "फिल्टरमधे लाल म्हणजे पाचू" हे धरून बसू नका.

चुकणारे लोक साधे नव्हते. स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याने १७७७ मधे रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला मोठं माणिक म्हणून भेट दिलेला खडा नंतर विसाव्या शतकात तपासला तेव्हा रुबेलाइट निघाला.

१७. खड्याच्या आत धाग्यासारख्या रेषा दिसतात. खराब आहे का?

टूर्मलीनमधे वेड्यावाकड्या केसासारख्या, द्रव भरलेल्या बारीक रेषा नेहमीच्या आहेत आणि त्या खडा नैसर्गिक असल्याची चांगली खूण आहेत. किती चालतील ते रंगावर ठरतं. हिरव्यात स्वच्छ खडे सहज मिळतात म्हणून तिथे जास्त अपेक्षा ठेवा. रुबेलाइट आणि वॉटरमेलनमधे पाचूसारखंच, डोळ्याला दिसणाऱ्या खुणा गृहीत धरल्या जातात. पूर्ण स्वच्छ मोठा रुबेलाइट दिसला तर आनंद होण्याआधी भेगा भरल्यात का ते तपासा. भेग पृष्ठभागापर्यंत आलेली असेल तर धोका, पूर्ण आत असेल तर सहसा नाही.

१८. शोकेसमधे ठेवला की यावर बाकी खड्यांपेक्षा जास्त धूळ का बसते?

कारण दिव्याने गरम झाला की त्याच्या दोन टोकांवर उलट विद्युतभार येतो आणि धूळ ओढली जाते. डच लोक तापवलेल्या टूर्मलीनने पाइपमधली राख ओढून काढायचे आणि त्याला राख-ओढ्या अशा अर्थाचं नाव होतं. १७५६ मधे एपिनुस नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की हा विजेचाच प्रकार. १८८० मधे क्युरी बंधूंनी दाबानेही वीज येते हे ज्या स्फटिकांवर दाखवलं त्यात टूर्मलीन होता, आणि पुढे स्फोटाचा दाब मोजणाऱ्या यंत्रांतही तो वापरला गेला.

१९. मग काळा टूर्मलीन मोबाईलचं रेडिएशन शोषतो हे खरं का?

नाही. वर सांगितलेली वीज फक्त तापमान किंवा दाब बदलत असतानाच येते, आणि अगदी थोडी. टेबलावर शांत पडलेला खडा काही शोषत नसतो. शोषत असता तर त्याच्या शेजारी ठेवलेल्या फोनला रेंजच आली नसती. दिसायला आवडतो म्हणून जरूर ठेवा.

२०. रोजच्या अंगठीत चालेल का? साफ कसा करायचा?

चालेल, काठिण्य ७ ते ७.५ आहे, साध्या धुळीने सहसा ओरखडत नाही. पण आपटण्याला आणि अचानक तापमान बदलाला तो नाजूक. अंगठीचं सोल्डरिंग करायचं तर खडा आधी काढायला सांगा, आच लागून तडकलेले खडे मी बघितलेत. अल्ट्रासॉनिक आणि वाफेची मशीन नको. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, बस.

२१. टूर्मलीनमधे लसण्यासारखी रेघ असते का?

असते. आत समांतर बारीक नळ्या दाटीने असतील आणि खडा घुमटाकार कापला तर वर प्रकाशाची रेघ फिरते. गुलाबी आणि हिरव्यात जास्त. पण नुसतं कॅट्स आय म्हटलं की ते लसण्याचं, म्हणजे क्रिसोबेरिलचं नाव. इथे पुढे टूर्मलीन लावलंच पाहिजे.

२२. माझा हिरवा खडा जाड बाजूने लाल दिसतो. असं कसं?

तो पूर्व आफ्रिकेतला क्रोम प्रकारचा असण्याची शक्यता आहे. याला उसांबारा इफेक्ट म्हणतात. तो हिरवा आणि लाल दोन्ही प्रकाश थोडे थोडे सोडतो, पण जाडी वाढली की हिरवा लवकर गिळला जातो आणि लाल उरतो. एकावर एक दोन हिरवे खडे ठेवले तरी लाल दिसू शकतं, करून बघा. उजेड बदलल्यावर रंग बदलणं ही वेगळी गोष्ट, इथे उजेड तोच असतो.

२३. सर्टिफिकेटवर फक्त "नैसर्गिक टूर्मलीन" लिहिलंय, एल्बाइट किंवा रुबेलाइट लिहिलेलं नाही. परत करू का?

फक्त एवढ्यासाठी नको. एल्बाइट आणि लिडिकोटाइट यांचे साधे आकडे इतके सारखे की रासायनिक तपासणीशिवाय वेगळे सांगता येत नाहीत, आणि दागिन्याच्या खड्यासाठी ती तपासणी सहसा करत नाहीत. प्रामाणिक लॅब जेवढं सिद्ध झालं तेवढंच लिहिते. रुबेलाइट हे रंगाचं नाव, काही लॅब लिहितात, काही टाळतात. मात्र खडा पराइबा म्हणून घेतला असेल आणि कागदावर तांब्याचा उल्लेख नसेल, किंवा ट्रीटमेंटची ओळ कोरी सोडलेली असेल, तर दुसऱ्या लॅबकडे पाठवा आणि तोपर्यंत बिल जपून ठेवा.